कल्ला उचलून पाहताना

मासळी बाजारात बांगडा हातात घेतला की बोट आपोआप कल्ल्याखाली जातं. झाकण उचलायचं, आत लालभडक दिसलं तर मासा पिशवीत आणि तपकिरी पडलेलं दिसलं तर परत पाटीवर. या परीक्षेला दोन सेकंदही लागत नाहीत. पण झाकण उचललंच आहे तर आणखी क्षणभर थांबावं असं मला नेहमी वाटतं, कारण त्या लाल पिसांखाली ज्या कमानी आहेत त्यांच्याच वंशाचा ऐवज घेऊन आपला जबडा, कान आणि घसा तयार झालेला आहे.

आधी समोर काय आहे ते नीट पाहू. झाकण पूर्ण उघडून आत बोट घातलं तर प्रत्येक बाजूला एकामागे एक अशा चार कमानी लागतात. प्रत्येक कमानीच्या बाहेरच्या कडेला लाल तंतूंच्या दोन ओळी असतात. पाण्यातला प्राणवायू रक्तात घेण्याचं काम तिथे चालतं. कमानीच्या आतल्या कडेला, म्हणजे घशाच्या बाजूला, कंगव्यासारखे काटे असतात. बांगड्याचे हे काटे लांब आणि पिसासारखे असतात. तोंड उघडलं की समोरूनच दिसतात, कारण तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. सुरमईच्या कमानीवर मात्र असे काटे मोजकेच, आखूड आणि जाड. ती मासे पकडून गिळते, तिला गाळणीची गरज नाही. एकाच बाजारातले, एकाच कुळातले हे दोन मासे शेजारी ठेवून तोंडं उघडली तर त्यांच्या जेवणाच्या सवयी कमानीवर वाचता येतात. चार कमानींच्या मागे पाचवी एक लहान जोडी असते. तिला कल्ला नसतो, दात असतात. ती घशाच्या तळाशी राहून गिळायला मदत करते. कल्ल्याची कमान कल्ला सोडून दुसऱ्याच कामाला लागल्याचं हे उदाहरण माशातच सापडतं.

प्राण्यांच्या शरीरांची तुलना करताना बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. मासा कल्ल्याने श्वास घेतो, आपण फुप्फुसाने, तेव्हा कल्ल्यांचंच फुप्फुस झालं असणार, असं सहज वाटतं. कामावरून नातं जोडलं की असं होतं. फुप्फुस हा अन्ननलिकेच्या बाजूने निघालेला फुगवटा आहे आणि त्याचं माशातलं भावंड म्हणजे पोटातली हवेची पिशवी. पालघरकडचे मच्छीमार घोळीच्या ज्या पिशवीला ‘बोत’ म्हणतात आणि जी मांसापेक्षा कितीतरी महाग विकली जाते, ती हीच. कल्ल्याच्या कमानींचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. अवयवाची ओळख त्याच्या कामावरून पटत नाही, आकारावरूनही पटत नाही. त्याच्या शेजारी कोण आहे, त्याला कोणता मज्जातंतू येतो आणि गर्भात तो कुठून निघाला, यावरून ती पटते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये प्राणिशास्त्रज्ञ एत्येन जोफ्रॉय सेंट-हिलेर यांनी हे तत्त्व मांडलं: अवयव मोठा होईल, लहान होईल, नाहीसाही होईल, पण शेजाऱ्यांची अदलाबदल करणार नाही. या विषयात माझ्या मते यापेक्षा उपयोगी वाक्य दुसरं नाही.

आता पाटीवरची मोरी पाहू. मोरी किंवा मुशी हा शार्कच. तिला कल्ल्यावर झाकण नसतं. मानेच्या बाजूला पाच उभ्या चिरा सरळ दिसतात. हाडाऐवजी कूर्चा असल्याने सुरी सहज चालते आणि आतली रचना उघडी पडते. वरचा जबडा ही एक कूर्चेची पट्टी, खालचा जबडा ही दुसरी, दोन्ही मागे बिजागरीसारख्या जोडलेल्या. हा अख्खा जबडा कवटीला घट्ट चिकटलेला नसतो. त्याच्या मागच्या कोपऱ्याला धरून कवटीवर टांगणारी एक जाडसर दांडी असते, तिला हायोमँडिब्युला म्हणतात. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे. जबडा आणि ही दांडी, दोन्ही कल्ल्यांच्या रांगेतच सर्वांत पुढे बसतात: जबडा ही पहिली कमान, दांडी ही दुसरीचा वरचा भाग, तिच्यामागे कल्ल्यांच्या कमानी.

मोरीशेजारी पाकट असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. पाकटाच्या डोळ्यांच्या लगेच मागे दोन मोठी भोकं असतात. अनेक जण त्यांना कान समजतात. ती स्पिरॅकल. पाकट वाळूवर पोट टेकून पडतो, त्याचं तोंड खाली असतं आणि तोंडाने पाणी ओढलं तर वाळूही आत जाईल, म्हणून तो वरच्या या भोकांतून पाणी आत घेतो आणि खालच्या चिरांतून सोडतो. हे भोक जबडा आणि ती दांडी यांच्यामधलं आहे, म्हणजे पहिल्या दोन कमानींमधली आक्रसलेली चीर. आपल्याकडच्या मुशीला, शास्त्रीय नावाने स्कोलिओडॉनला, ते नसतंच. दोघे मासे शेजारी ठेवून हा फरक दाखवला की विद्यार्थी पुन्हा विसरत नाही.

स्कोलिओडॉन हे नाव प्राणिशास्त्र घेतलेल्या जुन्या पिढीला चांगलं आठवत असेल. मुशीच्या डोक्यातले मज्जातंतू उघडून दाखवणं हा प्रात्यक्षिक परीक्षेतला ठरलेला प्रश्न असे. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनं थांबवली. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झालं, पण त्याबरोबर हाताने शिकण्याची एक सवयही गेली. ती बाजारातल्या आणि खाटकाकडच्या, नाहीतरी फेकल्या जाणाऱ्या डोक्यांवर भरून काढता येते.

त्या प्रात्यक्षिकातून खरं शिकायचं असे ते हे की प्रत्येक कमान आपला सगळा सरंजाम घेऊन येते. एक कूर्चेची दांडी, तिचे स्नायू, तिची रोहिणी आणि तिचा मज्जातंतू. पहिल्या कमानीला, म्हणजे जबड्याला, मेंदूतून निघणारा पाचवा मज्जातंतू. दुसरीला सातवा. तिसरीला, म्हणजे पहिल्या खऱ्या कल्ल्याला, नववा. त्यामागच्या सगळ्यांना दहाव्याच्या फांद्या. कमानींचं पुढे काहीही झालं तरी हा क्रम मोडलेला नाही.

हाडवाल्या माशात ती दांडी पाहायची असेल तर तांबोशीचं किंवा घोळीचं मोठं डोकं घ्यावं. पाणी उकळी फुटण्याच्या बेतात ठेवून दहा मिनिटं शिजवावं, कुकरला लावू नये. माशाच्या सांध्यांना धरून ठेवणारं कोलॅजन थोड्या उष्णतेनेच विरघळतं, आणि जास्त शिजलं की तळाशी पन्नास-साठ सुटी हाडं मिळतात, पण कोण कोणाला टेकलं होतं हे हातून जातं. शेजारच हरवला तर पाहायचं काय? गालाचं मांस, जे खाणारे आधी काढून घेतात, ते चिमट्याने अलगद काढावं. हाच जबडा मिटणारा स्नायू. त्याच्या मागे, डोळा आणि झाकण यांच्यामध्ये एक उभं, रुंद हाड दिसतं. त्याचं वरचं टोक कवटीच्या बाजूच्या खाचेत बसलेलं असतं, खालचं टोक जबड्याच्या सांध्याकडे जातं आणि मागच्या कडेवर झाकण टांगलेलं असतं. हीच मुशीतली दांडी. खालचा जबडा धरून हलवला तर जबडा, ही दांडी आणि झाकण एकत्र हलतात. माशाचं खाणं आणि श्वास घेणं हे एकाच यंत्राचं काम आहे हे इथे हाताला कळतं.

डोकं शिजवलंच आहे तर कवटीच्या तळाशी दोन पांढरे खडे शोधावेत. घोळ आणि ढोमा यांच्यात ते ठळक असतात. ते कानातले खडे आहेत, आणि कापून पाहिले तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. त्यांवरून माशाचं वय काढतात. माशाच्या शरीराची घनता पाण्याएवढीच असल्याने आवाज अंगातून आरपार जातो. अंग हलतं, जड खडा मागे राहतो आणि त्या फरकातून ऐकू येतं. त्यासाठी बाहेर भोक नको, पडदा नको. जमिनीवर आल्यावर मात्र अडचण उभी राहिली. हवेतला आवाज द्रवाने भरलेल्या आतल्या कानावर आदळला की त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक भाग परत फिरतो. मोठ्या पृष्ठभागावर गोळा झालेला दाब लहान जागेवर आणून देणारं काहीतरी मध्ये हवं होतं. ते नव्याने बनलं नाही. जवळ जे होतं त्यातूनच आलं.

जवळ होती ती दांडी, कारण तिचं वरचं टोक आतल्या कानाच्या भिंतीलाच टेकलेलं होतं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटावर २००४ मध्ये मिळालेला टिकटालिक हा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. त्याच्यात कल्ल्याचं हाडाचं झाकण गेलेलं आहे आणि डोकं खांद्यापासून सुटून मान झालेली आहे. झाकणच गेल्यावर त्याला धरणाऱ्या दांडीचं एक मोठं काम संपलं, आणि ती आखूड झाली. पण आखूड होताक्षणी ती ऐकायला लागली असं नाही. त्यानंतरच्या अकँथोस्टेगासारख्या चौपायी प्राण्यांत ती अजून जाडजूड आहे, कवटीला आधार देण्याइतकी. बारीक होऊन कंप वाहायला ती फार पुढे लागली. कानाचा पडदा तर बेडकांत, सरडे-पक्ष्यांत आणि सस्तन प्राण्यांत स्वतंत्रपणे आलेला आहे. दांडी एकाच वंशाची, पडदे मात्र तीन वेगळ्या घरांतले. शेजाराचा नियम नाती जोडतो तशी खोटी नाती तोडतोही, म्हणून तो विश्वासार्ह.

ही बारीक झालेली दांडी कोंबडीच्या डोक्यात पाहता येते. दुकानात डोकी बाजूलाच टाकलेली असतात. इथे शिजवायचं नाही, कारण तिचं बाहेरचं टोक तीन फाट्यांच्या कूर्चेचं असतं आणि शिजवल्यावर ते आक्रसून निकामी होतं. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाचा पाट वापरू नये. कानावरची बारीक पिसं उपटली की भोक दिसतं. भोकाची कातडी बारीक कात्रीने मागच्या बाजूने कापली की आत पडदा दिसतो, तंबूच्या कापडासारखा बाहेर फुगलेला. त्याला तंबूसारखं वर ढकलणारा खांब म्हणजेच ती दांडी. पडदा कडेने कापून हळूच उचलला तर खांब त्याच्याबरोबर बाहेर येतो: दोन-तीन मिलिमीटरची काडी, आतल्या टोकाला छोटी चकती. ओढताना घाई झाली की चकती आतच राहते आणि हातात नुसती काडी येते.

कोंबडीच्या कानात हाड एवढं एकच, आपल्या कानात तीन. बाकीची दोन कुठे आहेत हा प्रश्न मनात ठेवून तिच्या जबड्याचा सांधा पाहावा. खालच्या चोचीचं मागचं हाड, त्याला आर्टिक्युलर म्हणतात, एका आखूड, फाटे असलेल्या हाडावर बसतं. ते क्वाड्रेट. क्वाड्रेट कवटीला घट्ट जोडलेलं नसतं, पुढेमागे डुलतं आणि गालाच्या काडीमार्फत वरची चोचही किंचित उचलतं. पोपटात हे स्पष्ट दिसतं. सापात तर क्वाड्रेट एवढं लांब आणि मोकळं असतं की स्वतःच्या डोक्याहून मोठं भक्ष्य गिळता येतं. आणि सापाच्या कानातली दांडी पडद्याला टेकत नाही, कारण पडदाच नाही. ती टेकते क्वाड्रेटला. जबडा जमिनीवर ठेवलेला असताना जमिनीची थरथर खालचा जबडा, क्वाड्रेट, दांडी, आतला कान अशी वाट काढते. सापाला कान नाहीत म्हणून तो ठार बहिरा, ही समजूत म्हणूनच चुकीची. खालच्या पट्टीतला हवेतला आवाजही त्याला जाणवतो. आर्टिक्युलर, क्वाड्रेट, दांडी, ही तिघांची रांग इथेच लक्षात ठेवावी.

आता बकऱ्याची मुंडी. खाटकाला सांगून ठेवावं की सत्तूर मधोमध चालवला तरी चालेल, पण कानामागचा भाग ठेचू नये. दीड-दोन तास मंद आचेवर शिजवल्यावर खालचा जबडा सुटतो. त्याच्या दोन बाजू हनुवटीशी हाडाने जुळून गेलेल्या नसतात, ओढल्या की वेगळ्या होतात, आणि प्रत्येक बाजू हे एकच हाड असतं, दात धरणारं डेंटरी. माशाच्या, सरड्याच्या, कोंबडीच्या जबड्यात डेंटरीच्या मागे असणारी बाकीची हाडं इथे दिसत नाहीत. सांधाही बदललेला आहे: डेंटरी थेट कवटीच्या खाचेत बसते. आर्टिक्युलर नाही, क्वाड्रेट नाही.

सांध्याच्या मागे, कानाच्या भोकाखाली, पातळ भिंतीचा एक हाडाचा फुगा असतो. त्याच्या आत मधला कान. हातोडी मारू नये, आतली हाडं उडून जातात. छोट्या पकडीने भिंतीचे टवके काढत जावेत, खाली काळा कागद ठेवावा, आणि हे काम सांडपाण्याच्या जाळीवर तर कधीच करू नये. आधी तांदळाच्या दाण्यासारखं दांडा असलेलं हाड मिळतं, हातोडा. त्याला चिकटून ऐरण. तिसरी रिकीब, मोहरीच्या दाण्याएवढी. ती बहुधा येत नाही, कारण तिची चकती आतल्या कानाच्या खिडकीत बसलेली असते. सुईच्या टोकाने खिडकीची कड मोकळी केली तर येते. मिळाली की भिंगाखाली धरावी. घोड्याच्या खोगिराची हुबेहूब रिकीब, मधल्या भोकासकट.

हातोडा आणि ऐरण यांच्यामध्ये खराखुरा सांधा आहे, खोगिराच्या आकाराचा, वंगण असलेला. दोन मिलिमीटरच्या जागेत निसर्गाला सांधा कशाला हवा होता? हवा होता म्हणून तो तिथे नाही. कोंबडीच्या जबड्याचा सांधा तो हाच. आर्टिक्युलर म्हणजे हातोडा, क्वाड्रेट म्हणजे ऐरण, आणि माशाचा जबडा टांगणारी दांडी म्हणजे रिकीब. सापातल्या त्या तिघांच्या रांगेत कोणी जागा बदललेली नाही. सांधाच तेवढा आकसून कानात शिरला.

हे प्रथम सांगितलं कार्ल राइखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने, १८३७ मध्ये, डुकराच्या गर्भांवरून. डार्विनचा मुख्य ग्रंथ यायला अजून बावीस वर्षं होती, म्हणजे हे नातं उत्क्रांतीचं मत बाजूला ठेवून, केवळ निरीक्षणातून दिसलेलं आहे. गर्भात खालच्या जबड्याच्या जागी आधी कूर्चेची एक सलग दांडी बनते. तिचं पुढचं टोक हनुवटीकडे, मागचं टोक कानात, आणि मागच्या टोकाचाच हातोडा होतो. माणसाच्या गर्भातही असंच. नंतर मधला भाग विरतो आणि त्याच्या जागी अस्थिबंध उरतात. अपॉसमसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांत तर पिल्लू जन्मतं तेव्हा सस्तन प्राण्यांचा नवा सांधा तयारच नसतो. ते आईच्या सडाला लटकून दूध पितं ते जुन्या, सरड्याच्या पद्धतीच्या सांध्यावर. नवा सांधा जन्मानंतर काही आठवड्यांनी होतो.

जुना सांधा सुटून नवा होईपर्यंतच्या काळात प्राणी खात कसे होते, ही शंका पूर्वीपासून घेतली जाते आणि ती रास्त आहे. उत्तर जीवाश्मांनी दिलं. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्यूकोडॉन या चिचुंद्रीएवढ्या प्राण्याच्या जबड्यात दोन्ही सांधे शेजारी शेजारी आहेत. नवा चावण्याचा ताण घेतो, जुना बारीक झाला आहे पण जबड्याला जोडलेलाच आहे आणि बहुधा ऐकायलाही मदत करतो. मधल्या काळात जबडा कधीच मोडकळीला आलेला नव्हता. गडचिरोलीत सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून ज्यांना कोटा थर हे नाव मिळालं, त्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या जुरासिक खडकांतही आद्य सस्तन प्राण्यांचे इवलेसे दात मिळाले आहेत. त्यांच्यावरचं इनॅमल टिकतं, कानाची हाडं टिकत नाहीत, त्यामुळे तिथल्या प्राण्यांच्या सांध्याबद्दल दातांवरून फारसं बोलता येत नाही.

मला सगळ्यांत पटणारा पुरावा मात्र दगडातला नाही, मज्जातंतूंचा आहे. हातोड्याला ताणून धरणारा एक बारीक स्नायू असतो. त्याला मज्जातंतू कोणता? पाचवा, चावण्याच्या स्नायूंचा. कानात इतर मज्जातंतू असताना जबड्याच्या मज्जातंतूने तिथे फांदी धाडावी, याला हातोडा मूळचा जबड्याचा आहे याखेरीज कारण नाही. रिकिबीच्या स्नायूला सातवा, म्हणजे दुसऱ्या कमानीचा. माशात हाच सातवा कल्ल्याचं झाकण हलवतो. माणसात दुसऱ्या कमानीचे स्नायू चेहऱ्यावर पसरले आणि त्यांनी हसणं, भुवया चढवणं, डोळे मिटणं ही कामं घेतली. सातवा त्यांच्यामागोमाग गेला. म्हणूनच बेल्स पाल्सीत अर्धा चेहरा लुळा पडला की काही रुग्णांना त्या बाजूच्या कानात भांड्यांचा आवाजही असह्य होतो. रिकिबीला आवरणारा स्नायू त्याच मज्जातंतूवर चालतो. कानाच्या शस्त्रक्रियेत सर्जन हातोडा आणि ऐरण यांच्यामधून जाणारी एक बारीक तार जपतात. ती सातव्याचीच फांदी, जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी. तिला इजा झाली तर काही महिने तोंडाला लोखंडासारखी चव राहते. जिभेची तार कानातून का जाते हे कमानी माहीत नसतील तर कोणाला सांगता येणार नाही.

खंडाळ्याचा घाट चढताना कानात दडा बसतो आणि थुंकी गिळली की सुटतो. गिळताना घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी क्षणभर उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. ही नळी पहिल्या आणि दुसऱ्या कमानीमधली. म्हणजे पाकट ज्या भोकातून श्वास घेतो त्याच जागेची. त्या भोकात एके काळी खरोखर कल्ला होता का, हा वाद जुना होता. २०२२ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी शुयू या जबडा नसलेल्या, सुमारे ४३.८ कोटी वर्षांपूर्वीच्या माशाच्या मेंदूकोशाचा अभ्यास मांडला. त्याच अभ्यासातल्या, त्याच गटातल्या सुमारे ४१.९ कोटी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या जीवाश्मात या जागी कल्ल्याच्या तंतूंचे ठसे आहेत.

कमानींच्या रोहिण्यांची गोष्टही अशीच. मासा साफ करताना हृदय छातीत सापडत नाही, घशाखाली, कल्ल्यांच्या लगेच मागे सापडतं, कारण रक्त तिथेच पाठवायचं असतं. दहाव्या मज्जातंतूची शेवटच्या कमानीकडे जाणारी फांदी त्या कमानीच्या रोहिणीच्या मागून जाते. माशात ती वाट सरळ आहे. पुढे मान लांबली, हृदय छातीत उतरलं, रोहिणी त्याच्याबरोबर खाली गेली आणि मज्जातंतू तिच्याखाली अडकून ओढला गेला. त्या कमानीचे स्नायू मात्र स्वरयंत्रात, वरच राहिले. म्हणून स्वरयंत्राचा आपला डावा मज्जातंतू मानेतून छातीत उतरतो, महारोहिणीखालून वळतो आणि पुन्हा वर येतो. जिराफात हा वळसा काही मीटरचा होतो. उजव्या बाजूला त्या शेवटच्या रोहिणीचा अडकवणारा भाग गर्भातच विरतो, मज्जातंतू वरच्या रोहिणीला अडकतो आणि वळसा आखूड पडतो. शंभरात साधारण एकाच्या उजवीकडे ती रोहिणी वेगळ्या वाटेने आलेली असते, तेव्हा तंतू वळसा न घेता आडवा स्वरयंत्रात शिरतो. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत नेहमीच्या जागी तंतू दिसला नाही तर सर्जन थांबतात ते याच कारणाने. घाईत तो कापला गेला तर आवाज बसतो.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. माणसाच्या गर्भाला चौथ्या आठवड्यात कल्ले असतात, असं वाक्य पुस्तकांतही आढळतं. ते खरं नाही. गर्भाच्या गळ्याशी कमानी असतात, त्यांच्यामध्ये बाहेरून खाचा आणि आतून खिसे असतात, पण त्यांना कधी तंतू फुटत नाहीत. आपला गर्भ माशाच्या गर्भासारखा दिसतो, प्रौढ माशासारखा नाही. हा भेद गर्भशास्त्रज्ञ फॉन बेअर यांनी १८२८ मध्येच नीट मांडला होता. काही मुलांच्या कानापुढे टाचणीएवढं भोक असतं, त्यालाही कल्ल्याची खूण म्हणतात. ते भोक कानाची पाळी बनवणारे छोटे उंचवटे नीट न जुळल्याने राहतं. कमानींचा खरा अवशेष वेगळा असतो: जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेच्या स्नायूच्या पुढच्या कडेला येणारी मऊ गाठ किंवा पाझरणारं छिद्र. दुसऱ्या कमानीमागची खाच बुजायची राहिली की ते होतं. त्याची नळी मानेतल्या दोन मोठ्या रोहिण्यांच्या फाट्यातून वर चढून टॉन्सिलपर्यंत जाऊ शकते. वरवरचा भाग काढून टाके घातले तर गाठ पुन्हा येते.

आतल्या खिशांचंही काही वाया गेलेलं नाही. मासा पाण्यातलं कॅल्शियम मुख्यतः कल्ल्यांतून घेतो. आपल्या गळ्यातल्या, थायरॉइडच्या मागे बसलेल्या मसुराच्या डाळीएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्या तिसऱ्या आणि चौथ्या खिशातून येतात. त्या घडवणारं जनुक माशाच्या कल्ल्यांत काम करतं हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. तिसऱ्या खिशाच्या ग्रंथी छातीतल्या थायमस या ग्रंथीबरोबर खाली सरकताना चौथ्याच्या ग्रंथींना ओलांडून जातात, कधी वाटेत सुटत नाहीत आणि थेट छातीत पोहोचतात. चारपैकी एक ग्रंथी सापडत नसेल तर ती तिथे शोधायची असते.

एवढं सगळं पाहायला प्रत्येक वेळी चाकू लागतो असंही नाही. कान दुखतो म्हणून डॉक्टर दुर्बीण कानात घालतात तेव्हा मोत्यासारखा राखाडी पडदा दिसतो. त्याच्या मधोमध वरून खाली येणारी एक पांढुरकी रेघ असते आणि तिच्या टोकापासून पुढे उजेडाचा तिकोना पडलेला असतो. ती रेघ म्हणजे हातोड्याचा दांडा.